खून झालेल्या माणसाला पद्मश्री कशाला?

डॉ. दाभोलकरांना मरणोत्तर पद्मश्री कशाला, हे तुम्ही विचारलंत म्हणून लिहिते. एरवी हा प्रश्न कार्यक्रम संपल्यावर येतो, तेव्हा माझ्या एका हातात कापलेलं लिंबू असतं, दुसऱ्या हातानं मी पोरांना पिटाळत असते, आणि उत्तर अर्धवट राहतं.

यवतमाळ जिल्ह्यातल्या खेड्यांमध्ये मी अंधश्रद्धा निर्मूलनाचे प्रयोग करून दाखवते. नोकरी जिल्हा परिषदेच्या शाळेत, हे काम सुट्टीच्या दिवशी. सुरीला मिथिल ऑरेंज लावून लिंबू कापलं की 'रक्त' येतं. नारळाच्या शेंड्यांत सोडियमचा तुकडा दडवून वर पाणी शिंपडलं की 'करणी' पेटते. शेवटी मी महाराष्ट्र अंधश्रद्धा निर्मूलन समितीच्या डॉ. नरेंद्र दाभोलकरांबद्दल दोन शब्द बोलते. मग मागच्या रांगेतून कुणीतरी विचारतंच : "मॅडम, मारून टाकल्यावर पद्मश्री देऊन का भेटलं त्याईले? अन् घरच्यायनं घेतली कशी?"

त्याआधी एक प्रश्न असतो, त्याचं उत्तर सोपं आहे. पैसे किती मिळाले? एक रुपयाही नाही. राष्ट्रपतींच्या सहीची सनद आणि पदक, एवढंच. पेन्शन नाही, रेल्वेचा पास नाही. हे ऐकून मंडळींचा हिरमोड होतो. शंकरपटात, म्हणजे बैलांच्या शर्यतीत, पहिल्या आलेल्या जोडीच्या मालकाला आमच्याकडे यापेक्षा जास्त मिळतं. शिवाय ही पदवी नव्हे, नावाच्या मागंपुढं ती लावायची नाही, असा नियम आहे. तरी आमच्या बॅनरवर 'पद्मश्री डॉ. नरेंद्र दाभोलकर' असंच छापून येतं. मी फ्लेक्सवाल्याला सांगून थकले. त्याचं म्हणणं, त्याशिवाय बॅनर भरल्यासारखा दिसत नाही.

आता मूळ प्रश्न. डॉक्टरांना 20 ऑगस्ट 2013 रोजी सकाळी पुण्यात ओंकारेश्वर मंदिराजवळच्या पुलावर गोळ्या घातल्या. ते फिरायला निघाले होते. पाच महिन्यांनी, 2014च्या प्रजासत्ताक दिनाच्या पद्म पुरस्कारांत त्यांचं नाव आलं : समाजसेवा, महाराष्ट्र, मरणोत्तर. पद्म पुरस्कार सहसा मरणोत्तर देत नाहीत. फारच पात्र व्यक्ती असेल आणि मृत्यू अलीकडचा, म्हणजे साधारण वर्षभरातला असेल, तरच विचार होतो. म्हणजे सरकारनं ठरवून, वाकडी वाट करून दिला. मला यात उदारपणा दिसत नाही, घाई दिसते. जादूटोणाविरोधी कायद्यासाठी हा माणूस सुमारे अठरा वर्षं मंत्रालयाच्या पायऱ्या झिजवत होता. 2005मध्ये विधानसभेत मंजूर झालेलं विधेयक पुढं विधान परिषदेत रुतलं. मसुद्यातली कलमं एकेक करून गळत गेली. वारी बंद होईल, सत्यनारायण बंद होईल, अशी आवई उठवली गेली. आणि खून झाल्यावर? चार दिवसांत वटहुकुमावर राज्यपालांची सही झाली. डिसेंबरात नागपूरच्या हिवाळी अधिवेशनात, म्हणजे आमच्याच विदर्भात, कायदा मंजूर झाला. पाठोपाठ जानेवारीत पद्मश्री.

दिल्लीच्या त्या यादीत नाव असतं, क्षेत्र असतं, राज्य असतं. माणूस तापानं गेला की गोळीनं, याला रकाना नसतो. तेव्हा मारेकऱ्यांचा पत्ता नव्हता. तपास सीबीआयकडे गेला तोही त्यानंतर. त्यामुळं मागच्या रांगेतल्या माणसाचा राग मला कळतो. ज्याला वाचवता आलं नाही, त्याच्या गळ्यात पदक.

पण घरच्यांनी ते घेतलं, हे बरंच झालं, असं माझं मत आहे. त्यांच्या मनात काय होतं ते मी सांगणार नाही, तो माझा अधिकार नाही. माझं कारण गावातलं आहे. पुरस्कार नाकारायचा तर जिवंत माणसानं नाकारावा, नाहीतर घेऊन परत करावा. आमच्या वरोऱ्याच्या बाबा आमट्यांनी 1991मध्ये नर्मदेच्या प्रश्नावर पद्म सन्मान परत केले, त्या परत करण्याला वजन होतं, कारण बाबा तेव्हा स्वतः नर्मदाकाठी जाऊन बसले होते. 2015च्या ऑगस्टमध्ये धारवाडला कन्नड लेखक एम. एम. कलबुर्गींचा खून झाला, तेव्हा देशभरातल्या लेखकांनी साहित्य अकादमीचे पुरस्कार परत केले, तेही जित्याजागत्या माणसांनी. मेलेल्या माणसाला होही म्हणता येत नाही आणि नाहीही. मग प्रश्न एवढाच उरतो, की मागं राहिलेल्यांना त्याचा काही उपयोग होतो का.

थोडा होतो. 2014च्या आधी आम्ही शाळेत परवानगी मागायला गेलो की मुख्याध्यापक अंग चोरायचे. "देवाधर्माचं काही नको बरं का, मॅडम." नंतर त्याच मुख्याध्यापकांना सांगता येऊ लागलं, की ज्यांच्या कामाला भारत सरकारनं पद्मश्री दिली ते हे काम. सरकारी शिक्का दिसला की आमच्याकडे दारं किलकिली होतात. ते बरं आहे की वाईट, हा वेगळा विषय. सरपंचबाई येऊन पुढच्या खुर्चीवर बसू लागल्या, आणि त्या बसल्या की बायाही येतात. याचं सगळं श्रेय मी पदकाला देत नाही, कायदाही सोबतच आला होता. पण आत शिरायला त्यानं मदत केली, हे खोटं नाही.

आणि तेवढाच तोटाही झाला. फोटोला हार पडला की माणूस बोलायचा थांबतो. गाडगेबाबा आमच्या अमरावती जिल्ह्यातल्या शेंडगावचे. त्यांच्या नावानं विद्यापीठ आहे, ग्रामस्वच्छता अभियान आहे, बक्षिसं आहेत. देवापुढं बोकड कापू नका, कर्ज काढून सण करू नका, हे ते कीर्तनात घसा फोडून सांगत. आज बाबांच्या नावाचं बक्षीस मिरवणाऱ्या गावातही नवसाचा बोकड कापला जातो आणि कुणाला त्यात विसंगती वाटत नाही. झाडू घेतला, बोलणं सोडून दिलं. डॉक्टरांचंही तसंच होऊ घातलंय. 20 ऑगस्टला फोटोपुढं उदबत्ती लावलेली मी स्वतः पाहिली आहे! कुणाच्या फोटोपुढं, याचा तरी विचार करायचा.

कामाचं मोल पदकावर ठरत असतं, तर कम्युनिस्ट नेते गोविंद पानसऱ्यांचं काय? कोल्हापुरात 2015च्या फेब्रुवारीत त्यांच्यावर गोळ्या झाडल्या, चार दिवसांनी ते गेले. त्यांना पद्म नाही. शिवाजी महाराजांचं रयतेचं राज्य त्यांनी गावोगाव ज्या भाषेत समजावलं, त्यात त्यामुळं काही कमी पडलं का?

डॉक्टरांचा खरा सन्मान म्हणून मला दाखवायचाच असेल तर मी पिशवीतून कायद्याची पुस्तिका काढते. साप चावलेल्या माणसाला दवाखान्यात जाऊ न देता गंडेदोरे करणं हा गुन्हा आहे. अमुक बाई करणी करते असं पसरवून तिचं जगणं मुश्कील करणं हाही गुन्हा आहे. सहा महिन्यांपासून सात वर्षांपर्यंत कैद. वारीला, कीर्तनाला, भजनाला हात लावलेला नाही, हे त्यातच लिहिलंय, आणि तो भाग मी मोठ्यानं वाचते. आमच्याकडे खरिपाच्या दिवसांत, निंदण करताना, सापाचं कलम सगळ्यात जास्त कामी येतं. तरी कायदा कागदावर चालत नाही. 2021च्या ऑगस्टमध्ये चंद्रपूर जिल्ह्यात, जिवती तालुक्यातल्या वणी खुर्दला, भानामतीच्या संशयावरून दलित कुटुंबांतल्या म्हाताऱ्याकोताऱ्यांना भर चौकात बांधून मारलं. कायद्याला तेव्हा आठ वर्षं होत आली होती. पाहणारे पुष्कळ होते.

अडतं ते इथंच. पाहणारे पुष्कळ, सांगणारा कुणी नाही. डॉक्टरांच्या खुनाचा निकाल 10 मे 2024 रोजी लागला, दोघांना जन्मठेप, तिघं निर्दोष. कट कुणाच्या डोक्यातला, ते त्यातून कळलं नाही. पण त्या दोघांना न्यायालयात ओळखलं कुणी? पुणे महापालिकेच्या एका सफाई कामगारानं. तो त्या सकाळी तिथं कामावर होता. सरकारला पदक द्यायला काही पडलं नाही. त्या माणसाला पिंजऱ्यातल्या दोघांकडे बोट दाखवायला काय पडलं असेल, याचा अंदाज खेड्यात राहणाऱ्याला लगेच येतो, कारण साक्षीदार फुटणं आम्ही रोज पाहतो. त्याला कुणी पद्मश्री दिली नाही. मी असते तर पहिली त्याला दिली असती.

म्हणून हल्ली मी उलट विचारते : पद्मश्री कशाला ते राहू द्या, तुम्ही साक्ष द्याल का? बहुतेक जण बिडी पेटवतात. मागच्या पावसाळ्यात शेजारच्या गावात एका विधवा म्हातारीवर करणीचा आळ आला. तिचा नळ तोडला, पीठगिरणीवाल्यानं दळण परत केलं. आम्ही फिर्याद द्यायला बसलो तर साक्षीला सही करायला कुणी तयार होईना. शेवटी पोलीस पाटील उठला. मी विचारलं, डॉक्टरांचं ऐकून का? "नाही मॅडम," तो म्हणाला, "मायी मायच आहे ना थे, चुलत असली म्हणून का झालं."

सही झाली. दळण सुरू झालं, नळ अजून जोडायचा आहे. ग्रामपंचायतीला तिसरा अर्ज आम्ही सोमवारी देतोय.