दोन्हीवर २८ च लिहिलंय

आमच्या दर्यापूरकडे सायकल धुतली की पुसावी लागते. खारपाणपट्टा न, बोअरचं पाणी खारट, तसंच वाळू दिलं तर फ्रेमवर पांढरे ओघळ अन् आठ दिवसांत चेन तांबूस. माझी बारा वर्षांची गेरवाली हायब्रीड सायकल पुण्याच्या नोकरीसोबत घेतली होती, नोकरी सुटली, सायकल आली, आणि दोन पावसाळे कोठ्यात म्हशीशेजारी उभी राहिली. यंदा म्हटलं हिला नीट करायची, आणि पैसे कायले घालवायचे, बाजूलाच बाबांची काळी सायकल पडलीय, तिचे पार्ट हिला लावू.

पहिलं टायर. बाबांचं बरं होतं, त्यावर २८ लिहिलेलं, माझ्या टायरवरही ७०० च्या बाजूला २८. झालं मग! चढलं पण एकदम सहज, तिथंच शंका यायला पाहिजे होती. हवा भरली तर टायर एका बाजूनं रिम सोडून बाहेर आणि ट्यूबचा हा एवढा फुगा. मग चष्मा लावून बारीक अक्षरं वाचली, काळीवर ६३५, माझ्यावर ६२२. रिमचा खरा माप तो, मिलिमीटरमधे, २८ नुसतं नावाला. शेवटी अमरावतीहून ७०० बाय ३८ आणलं, आधीचं ३५ होतं. तीन मिलिमीटरनं काय होते असं वाटलं होतं, पण हवा थोडी कमी ठेवून पांदणीत घातली तर बैलबंडीच्या वाळलेल्या चाकोरीत हात बधिर होणं बरंच कमी झालं. पावसाळ्यात मात्र ब्रेकखाली काळी माती जास्त अडकणार, ते तेव्हा पाहू.

चेनचं गणित सोपं निघालं. नव्या चेनीत २४ कड्या बरोबर १२ इंच भरतात, माझी पट्टीवर एक सूत, म्हणजे इंचाचा आठवा भाग जास्त, म्हणजे एक टक्का लांबलेली. बाबांची चेन रुंद, गेरवाल्या चाकांवर चालत नाही. नवी टाकली तर जुन्या फ्रीव्हीलवर, म्हणजे मागच्या दातेरी चाकांच्या गठ्ठ्यावर, जोर दिला की सटकायची, कारण दातेही जुन्या चेनीसोबत झिजलेले. म्हणून फ्रीव्हीलही. मिस्त्रीकडचा पाना दोन खाचांचा, माझ्या फ्रीव्हीलला आत बारीक दाते, त्यानं पाना पाहिला, मला पाहिलं, "हे आपल्याकडं नाही जमत भाऊ". पाना ऑनलाइन मागवला. आधी त्यातलं मोठं चाक २८ दात्यांचं होतं, आता ३४ चं, म्हणजे त्यावर पायडल हलकं पण सायकल हळू.

पायडल तरी काळीचे बसले. डावा काढताना अर्धा तास घाम गाळला, नंतर आठवलं त्याचे आटे उलटे असतात, म्हणजे तेवढा वेळ मी तो घट्टच करत होतो. घंटी लावली, आणि कॅरिअर वेल्डिंगवाल्याकडून थोडं कापून.

संध्याकाळी बाबा आले, सायकलभोवती एक चक्कर मारली, घंटी वाजवून पाहिली.

"ही तं माही हाय."

"हो."

"पोतं बसन का याच्यावर?"

अन् उत्तराची वाट न पाहता ढेपेचं पोतं आणायला घेऊन गेले. गेर कसे बदलायचे ते सांगत मी फाटकापर्यंत मागं गेलो, तर म्हणे, "गेर-बिर कायले, हाय त्याच्यात जाते."

मी नेमकी ती ३४ वर सोडली होती.