झूलाघरात इन्हेलर ठेवून घेण्याची खटपट : माझा अनुभव

इंदूरमध्ये दमा असलेल्या मुलासाठी झूलाघर, म्हणजे पाळणाघर, मिळतं, प्रवेशही होतो. घोडं अडतं ते इन्हेलरपाशी, म्हणजे श्वासातून औषध देणाऱ्या पंपापाशी. "सिरप दे देंगे, पंप नहीं. आदत पड़ जाती है." हे ऐकून आजही माझं डोकं फिरतं. पंपाची सवय लागत नाही. सिरप पोटातून रक्तात आणि मग फुफ्फुसात जातं. पंपाचं औषध थेट श्वासनलिकेत पोचतं. म्हणून साल्बुटामॉल या श्वासनलिका मोकळी करणाऱ्या औषधाच्या एका पफमध्ये 100 मायक्रोग्रॅमच असतात आणि गुण काही मिनिटांत येतो.

डॉक्टरांची चिठ्ठी दिली तरी गाडं हलेना. तीवर होतं "एसओएस, दोन पफ", म्हणजे गरज पडल्यास दोन पफ. गरज पडली हे ठरवायचं कुणी? मुलांना सांभाळणाऱ्या दीदींचा हा प्रश्न रास्त होता. तेव्हा डॉक्टरांकडून हिंदीत एक पानच लिहून घेतलं. खोकला थांबेना, छातीत शिट्टी वाजते, मूल खेळ सोडून बसलं : दोन पफ. वीस मिनिटांत आराम नाही : पुन्हा दोन, आणि आम्हाला फोन. बरगड्यांमधली कातडी आत ओढली जाते, धड बोलवत नाही, ओठ निळसर : लगेच 108, गाडी येईपर्यंत औषध चालू. खाली सही-शिक्का. या पानावर पंप आत गेला. दुसऱ्या मुलाचं पान मात्र उतरवू नका, मात्रा डॉक्टरच ठरवतील.

दीदींना हातानं करून दाखवा. पंप हलवायचा, स्पेसरला (पंप आणि मास्क यांच्यामधली प्लास्टिकची पोकळ नळी) लावायचा, मास्क नाका-तोंडावर घट्ट. एक पफ, पाच-सहा श्वास, मग पुन्हा हलवून दुसरा. दोन्ही एकदम दाबले तर बरंचसं औषध स्पेसरच्या आतच चिकटून राहतं. मास्कला फट राहिली किंवा मूल जोरात रडत असलं तरी आत फार कमी जातं.

स्पेसर आतून फडक्यानं पुसायचा नाही. घासल्यानं प्लास्टिकवर स्थिर वीज येते आणि औषध ओढलं जातं. साबणाच्या पाण्यातून काढून तसाच वाळवायचा.

त्रास होऊ नये म्हणून रोज घ्यायचा स्टेरॉइडचा पंप वेगळा, तो घरीच. त्यानंतर चूळ भरायची, मास्कखालचा चेहरा पुसायचा. धूळ-धुरानं त्रास वाढतो, म्हणून वर्षाचा गहू चाळताना मूल दुसऱ्या घरी पाठवा. झूलाघरातली सकाळची अगरबत्तीही बंद करवून घ्या, त्यात भीड नको.

आणि पंप पाण्यात तरंगवून औषध उरलंय का बघू नका, ते भरवशाचं नाही. पंपावर पफ मोजणारा काउंटर नसेल तर डबीवरचा एकूण पफचा आकडा, बहुधा 200, वहीत लिहून दिलेला प्रत्येक पफ वजा करत जा.