आधी चार्जर काढून बघा

लॅपटॉपवरून गाणी ऐकताना स्पीकरमधून घूंऽऽ येत असेल, तर नवी यूएसबी केबल मागवण्याआधी एक फुकटचं काम करा. गाणं थांबवा, व्हॉल्यूम आहे तिथेच ठेवा आणि लॅपटॉपचा चार्जर काढा. घूं गेलं, तर अर्धा शोध तिथेच संपला.

नारायण पेठेतल्या काकांकडे मी हेच केलं. त्यांचा फोनच तसा आला होता: "अगं, आलापात कुणीतरी खालून सूर धरतंय. आणि तोही बेसूर!"

काकांचा कान बरोबर होता. आपली वीज ५० हर्ट्झची, त्यामुळे ही घरघर ५० आणि तिच्या पटीत, म्हणजे १००, १५० हर्ट्झला येते. १०० हर्ट्झ हा पेटीवरच्या खालच्या सप्तकातल्या पांढरी पाचपेक्षा किंचित चढा स्वर. काळी एकमध्ये गाणाऱ्याच्या हिशेबात तो तीव्र मध्यमाच्या वर आणि पंचमाच्या खाली कुठेतरी लोंबकळतो. द्रुत तराण्यात खपून जाईल. पण तानपुऱ्यावर नुसता षड्ज लागलाय आणि मागे हे चालू, म्हणजे छळ.

शिवाय माउसचं चाक फिरवलं की स्पीकरमधून चिरचिर, ती वेगळीच.

लॅपटॉपच्या धातूच्या झाकणावरून बोटाची मागची बाजू हलकेच फिरवली. झाकण थरथरल्यासारखं, खरखरीत लागलं. चार्जर काढला, पुन्हा बोट फिरवलं, तर गुळगुळीत. घूंसुद्धा बंद. चार्जरच्या आत गोंगाट गाळायला छोटे कपॅसिटर असतात आणि त्यांतून अगदी किरकोळ करंट सतत गळतो. अर्थिंग धड असेल तर तो तिकडे निघून जातो. नसेल तर लॅपटॉपच्या अंगावर येतो आणि दुसरी वाट शोधतो. काकांकडे ती वाट होती यूएसबी केबल, तिथून डॅक (डिजिटल गाण्याचा स्पीकरला चालेल असा सिग्नल करणारी डबी), तिथून आरसीए केबल (तो सिग्नल पुढे नेणारी), तिथून स्पीकर.

खरी गोम आरसीए केबलमध्ये. तिची बाहेरची जाळी हे आवरण असतं आणि सिग्नलची परतीची तारही तीच. जाळीतून गळका करंट वाहिला की तो थेट गाण्यात मिसळतो. एक्सएलआर केबलमध्ये सिग्नलला दोन स्वतंत्र तारा असतात आणि जाळी नुसतं आवरण, म्हणून स्टुडिओवाले तीच वापरतात.

वायरमनने मेन स्विच बंद करून टेबलामागचा बोर्ड उघडला. थ्री पिन सॉकेटच्या तिसऱ्या भोकाच्या स्क्रूला वायरच नव्हती! स्पीकर मात्र एसीच्या पॉइंटवर, आणि तो पॉइंट नंतर केलेला, चांगल्या अर्थिंगचा. तपकीर गल्लीतून हिरवी वायर आणली, टेबलाच्या बोर्डापर्यंत अर्थिंग ओढून घेतलं, आणि लॅपटॉप, डॅक, स्पीकर सगळं त्या एकाच बोर्डावर आणलं. घूं संपलं. (स्पीकरच्या प्लगची अर्थिंगची पिन उडवली तरी आवाज जातो, असं सांगणारे शहाणे भेटतील. ऐकू नका. ती पिन तुमचा जीव वाचवायला आहे.)

उरली चिरचिर. ती कॉम्प्युटरच्या पोटातली. प्रोसेसर आणि ग्राफिक्सचं काम वाढलं-कमी झालं की पॉवर लाइनवर खळबळ होते आणि यूएसबीच्या ग्राउंडवरून बाहेर येते. त्यासाठी मधे यूएसबी आयसोलेटर लावला. डेटा पलीकडे जातो, पण तारेला तार जोडलेली राहत नाही. आम्ही घेतला तो स्वस्तातला, १२ मेगाबिटवाला. त्यावर स्टिरिओ २४ बिट, ९६ किलोहर्ट्झपर्यंत (म्हणजे आवाजाचे सेकंदाला ९६ हजार नमुने) जातं, त्यापुढे नाही. "माझं १९२ कुठे गेलं?" काका म्हणाले. त्यांचा सगळा संग्रह सीडीवरून उतरवलेला, म्हणजे ४४.१ किलोहर्ट्झच. हे सांगितल्यावर विषय त्यांनीच बदलला.

लॅपटॉपला ऑप्टिकल आउटपुट असतं तर हा खटाटोपच नको होता; काचेतून किंवा प्लॅस्टिकमधून प्रकाश जातो, करंट जात नाही. जुन्या मॅकबुक प्रोच्या हेडफोन जॅकमध्येच ती सोय असायची. २०१६च्या मॉडेलपासून गेली.

महागड्या यूएसबी केबलबद्दल माझं मत विचाराल, तर ते पैसे वायरमनला द्या. आजचे बहुतेक डॅक असिंक्रोनस, म्हणजे नमुने कधी वाजवायचे हे ठरवणारं घड्याळ त्यांचं स्वतःचं. केबल बदलून शून्याचा एक होत नाही. केबलवर चढवायचे फेराइटचे काळे मणीही मेगाहर्ट्झच्या गोंगाटाला ठीक. ५० हर्ट्झला ते जुमानत नाहीत.

आता काकांची नवी तक्रार आहे, लॅपटॉपच्या पंख्याची. हा आवाज हवेतून येतो, इथे अर्थिंगचा काय उपयोग? यूएसबी २ची केबल पाच मीटरपर्यंत चालते. तेव्हा लॅपटॉप जाणार आतल्या खोलीत, आणि काकू म्हणतायत की भिंतीला भोक पाडायचं नाही.