पंचवीस युरो

१७ एप्रिल २०२५, गुरुवार. नाशिकच्या कॅनडा कॉर्नरजवळच्या आमच्या बँकेच्या शाखेत सकाळी साडेअकराला कॅशच्या रांगेत नाना उभे दिसले. हातात विड्रॉल स्लिप. त्यांनी मला पाहिलं आणि मान फिरवली.

नाना निफाड तालुक्यातले द्राक्ष बागायतदार. मुलगी डब्लिनला मास्टर्स करते. जानेवारीत तिच्या फीचा हप्ता त्यांनी माझ्याच टेबलावरून पाठवला होता आणि निघताना "ताई, पोरांना घेऊन बागेवर या" म्हणून गेले होते. त्यामुळे ती फिरवलेली मान मला लागली. मी उठून रांगेत गेले.

"नाना, चार लाख रोख? घरी कार्य आहे का?"

"नाही ओ. पोरीला पाठवायचेत."

"मग रोख कशाला?"

बाहेर पिकअपमध्ये पुतण्या बसला होता. त्याच्या ओळखीतला एक जण होता म्हणे. इथं त्याच्या हातात रुपये ठेवायचे, तिकडे संध्याकाळपर्यंत पोरीच्या खात्यात युरो जमा. फॉर्म नाही, चार्ज नाही, वीस टक्के टॅक्सची कटकट नाही. एवढं सांगून झाल्यावर नाना खाली बघत म्हणाले, "तुमच्याकडून पाठवले तव्हा पंचवीस युरो मधीच गायब झाले ना, ताई."

मला याचा पत्ताच नव्हता. त्यांना टेबलापाशी बसवलं, चहा सांगितला आणि जानेवारीचा फॉर्म काढला. चार्जेसच्या चौकटीत माझ्याच हाताची टिक होती, 'शा'वर (SHA).

परदेशी पैसे पाठवताना मधल्या बँकांचा खर्च कोणी सोसायचा, हे त्या चौकटीत ठरतं. आमच्या शाखेतून पैसा थेट डब्लिनच्या खात्यात जात नाही. आमच्या बँकेचं युरोचं खातं युरोपातल्या एका बँकेत आहे. बँकांच्या स्विफ्ट या निरोपयंत्रणेवरून तिला निरोप जातो आणि ती पुढे देते. 'शा' म्हणजे इकडचा खर्च आपला, वाटेतला आणि तिकडचा घेणाऱ्याचा. वाटेतली बँक आपली फी त्याच रकमेतून कापून घेते. 'अवर' (OUR) म्हणजे सगळा खर्च पाठवणाऱ्याचा, तिकडे रक्कम पूर्ण पडते. घरखर्चाला पाठवताना चार पैसे कमी पोहोचले तर चालून जातं. फीमध्ये चालत नाही. ४,२०० निघाले, ४,१७५ पोहोचले, आणि विद्यापीठाच्या लेखी फी अपुरी राहिली. पोरीला मेल आला, तिने स्वतःच्या जेवणाखाण्याच्या पैशातून २५ भरले आणि महिनाभराने घरी सांगितलं.

"नाना, हे माझ्यामुळे झालं," मी म्हणाले. "सवयीने टिक केली, तुम्हाला विचारलं नाही. विचारायला हवं होतं."

त्यांनी विड्रॉल स्लिप टेबलावर पालथी ठेवली. बोलले काहीच नाहीत.

पुतण्याला आत बोलावलं. त्याला सरळ सांगितलं की हा हवाला आहे. २००० सालापासून लागू असलेल्या परकीय चलनाच्या फेमा कायद्यात यासाठी रकमेच्या तिपटीपर्यंत दंड होऊ शकतो, आणि तो नानांनाही होईल. पण मला त्याहून मोठी काळजी पोरीची होती. तिकडे तिच्या खात्यात युरो टाकणार कोण? कुणीतरी अनोळखी माणूस, कुठल्या धंद्यातल्या पैशातून कोण जाणे. त्याच्यावर तपास चालू असेल तर हिचंही खातं गोठू शकतं. परक्या देशात, विद्यार्थी व्हिसावर असलेल्या पोरीने पोलिसांना काय सांगायचं?

पुतण्या हुशार आहे. म्हणाला, "मग फोनवरून का जात नाही? सिंगापूरला यूपीआय चालतं ना." चालतं, फेब्रुवारी २०२३ पासून, तिथल्या पेनाऊ या पेमेंट यंत्रणेशी जोडल्यामुळे. आयर्लंडला ती सोय नाही. आणि दुकानांवर मनी ट्रान्सफरचे बोर्ड दिसतात, तिथे बाहेरून आलेले पैसे मिळतात. त्या योजनेत इथून बाहेर पाठवायची परवानगीच नाही. हे लोकांना कोणी सांगत नाही आणि आम्हीही काउंटरवर घाई करतो.

घाई त्या दिवशीही होती, पण खरी. विद्यापीठाची शेवटची तारीख मंगळवार, २२ एप्रिल. दुसऱ्या दिवशी गुड फ्रायडे, आम्ही बंद. शनिवारी शाखा उघडी, पण परकीय चलनाचा बाजार बंद. सोमवारी ईस्टर मंडे, युरोचे व्यवहार ज्या 'टार्गेट' यंत्रणेतून होतात तीच बंद. म्हणजे शुक्रवार ते सोमवार युरो जागचा हलणार नव्हता. आमच्या शाखेची युरोची वेळ अडीचपर्यंत. पुतण्याने फोन लावला. डब्लिनला नुकते सात वाजून गेले होते. पोरगी झोपेतून उठली आणि फीचं पत्र व्हॉट्सअॅपवर पाठवलं.

आयबॅन, म्हणजे तिकडचा खाते क्रमांक, नानांनीच वाचायचा हट्ट धरला. चष्मा कपाळावर सरकवून फोन डोळ्यांजवळ धरला, आणि छाटणीच्या कात्रीने घट्टे पडलेलं बोट एकेका अक्षराखाली सरकवत गेले. "आय, ई, ..." आयर्लंडचा आयबॅन २२ अक्षरांचा. शेवटाकडे ८ चा ३ झाला आणि स्क्रीनने लगेच नकार दिला. देशाच्या अक्षरांनंतरचे दोन अंक त्यासाठीच असतात. अख्ख्या नंबराला ९७ ने भागून बाकी १ उरते का, हे यंत्र बघतं. नानांनी पुन्हा पहिल्यापासून वाचला. या वेळी बरोबर.

मग चार्ज. "हजार रुपये तेवढे माफ करा," नाना म्हणाले. मी म्हटलं, नाना, हजाराकडे बघू नका, भावाकडे बघा. त्या दिवशी बाजारात युरो ९७ च्या आसपास होता. आमचा बोर्डावरचा भाव त्याहून दोन रुपयांनी वर. ४,२०० युरोवर दोन रुपये म्हणजे ८,४०० रुपये, आणि ते कुठल्याच पावतीवर 'चार्ज' म्हणून दिसत नाहीत. नाना ताडकन म्हणाले, "म्हंजे कटती!" बागेवर येणारा व्यापारी म्हणतो हमाली माझ्याकडे, आणि किलोमागे दोन रुपये भावात पाडतो. त्यांना मला आणखी काही समजवावं लागलं नाही. पाठवणाऱ्याने कुठल्याही बँकेत, कुठल्याही अॅपवर हा एकच प्रश्न विचारावा: तिकडे पूर्ण इतके युरो पडायला माझ्या खात्यातून एकूण किती रुपये जातील? मी मुंबईला ट्रेझरीत, म्हणजे बँकेचे चलनाचे व्यवहार बघणाऱ्या विभागात, फोन केला, रक्कम सांगितली आणि भाव मागितला. एक रुपया चाळीस पैसे उतरले. ५,८८० रुपये वाचले, एका फोनने.

वीस टक्क्यांची धास्ती तर निराधारच होती. १ एप्रिल २०२५ पासून वर्षाला १० लाखांपर्यंत टीसीएस, म्हणजे पैसे पाठवतानाच बँक घेते तो आगाऊ कर, लागत नाही. शिक्षणासाठी त्यापुढच्या रकमेवरही तेव्हा ५ टक्केच होता, आणि तो विवरणपत्रात वळता होतो. फक्त हेतू 'शिक्षण' असा नीट लिहायला हवा, सोबत पॅन. चलन बदलण्यावरचा जीएसटी साडेचारशेच्या आसपास झाला.

शेवटी ती चौकट. मी पेन नानांच्या हातात दिलं. 'अवर'चा खर्च किती वाढेल ते सांगितलं. त्यांनी टिक केली, जरा जोरातच, खालच्या कागदावर वळ उठला. दोन वाजून दहा मिनिटांनी निरोप गेला.

संध्याकाळी, पैसे कुठवर पोहोचले ते दाखवणाऱ्या ट्रॅकरवर 'जमा' दिसलं, तेव्हा मी घरी जायला निघाले होते. गंगापूर रोडच्या सिग्नलला फोन वाजला. नाना होते, मागे पिकअपचा आवाज. पोरीने स्क्रीनशॉट पाठवला होता आणि तो त्यांना मला वाचून दाखवायचा होता.

"चार हजार दोनशे," ते सावकाश म्हणाले. "पुढं टिंब. मंग शून्य, शून्य."