शिडी, वाफसा आणि स्खलन

पुरवणीतल्या डॉक्टरी सल्ल्याच्या सदरात 'परमोच्च सुख' हा शब्द हमखास भेटतो. वाचला की कुणाच्या तरी गळ्यात पदक घातलं जातंय असं वाटतं. आरोग्यपुस्तिकांचं भाषांतर हे माझं पोटापाण्याचं काम, त्यामुळे 'ऑरगॅझम' आला की पर्याय शोधणं आलंच. 'कामपूर्ती' लिहावं, तर बांधकाम संपल्याचा दाखला वाटतो. 'कळस' म्हणावं, तर देऊळ दिसतं. शेवटी सगळेच 'ऑरगॅझम' देवनागरीत लिहून मोकळे होतात.

पुरुषापुरता एक भारदस्त शब्द मात्र आपल्याकडे तयार आहे: स्खलन. स्खल् म्हणजे अडखळणं, घसरणं. घाटात दरड कोसळते ते भूस्खलन, आणि मोहाला बळी पडतो तो माणूस स्खलनशील. ज्या क्षणासाठी एवढा खटाटोप, त्याची नोंद आपण अपघात म्हणून करून ठेवली. बाईच्या वाट्याला तर तो अपघातही नाही.

'ऑरगॅझम'च्या मुळाशी 'ऑर्गाओ' हे ग्रीक क्रियापद आहे: रसानं फुगणं, पिकायला येणं. फळाबद्दल म्हणत, तसंच ओल धरलेल्या जमिनीबद्दलही. पावसानं उघडीप दिली की आपला शेतकरी मूठभर माती घेऊन दाबतो. तिचा गोळा होतो, पण खाली टाकला की फुटतो, चिखलासारखा बसत नाही. मग तो म्हणतो, रान वाफशावर आलं. कोशातल्या अर्थापेक्षा या वाफशानंच मला ग्रीक शब्द जास्त समजावला. आपली 'ऊर्जा'ही त्याच कुळातली मानतात.

'क्लायमॅक्स'ची गंमत वेगळी. ग्रीकमध्ये त्याचा अर्थ सरळ शिडी. वक्तृत्वात वाक्य पायरीपायरीनं चढवत न्यायचं, त्याला हे नाव. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला मेरी स्टोप्ससारख्या संततिनियमनाच्या पुरस्कर्त्यांनी, लोकांना 'ऑरगॅझम'पेक्षा सोपा जाईल म्हणून तो शयनगृहात रुळवला, असं सांगतात. मूळ धातूचा अर्थ कलणं, टेकणं. शिडी भिंतीला टेकते म्हणून क्लायमॅक्स. पाठ टेकायची ती 'क्लिने', म्हणजे खाट, आणि त्या खाटेवरून क्लिनिक. याच धातूचं संस्कृत भावंड म्हणजे श्रि, ज्याच्यापासून 'आश्रय' झाला आणि 'निःश्रयणी', म्हणजे शिडी. तिचीच पुढे 'निसण' झाली. गोव्यात अजून कुणी माळ्यावर चढायला निसण आणायला सांगितली, तर तो नकळत क्लायमॅक्सची चुलत बहीणच मागवत असतो.

क्लिनिक म्हटल्यावर र. धों. कर्वे आठवायलाच हवेत. 1921 साली त्यांनी मुंबईत संततिनियमनाचं केंद्र काढलं, 1927 पासून 'समाजस्वास्थ्य' हे मासिक चालवलं. बाईलाही कामसुखाचा हक्क आहे हे त्यांनी आडपडदा न ठेवता लिहिलं. वाचकांच्या लैंगिक शंकांना दिलेल्या उत्तरांवरून 1934 मध्ये खटला झाला. डॉ. आंबेडकर त्यांच्या बाजूनं उभे राहिले, तरी दंड चुकला नाही.

खरं तर भाषेला लाजायचं काही कारण नव्हतं. कामसूत्रात रतीचे पर्याय ओळीनं दिले आहेत: रस, रती, प्रीती, भाव, राग, वेग, समाप्ती. सगळे शब्द आजही आपल्या तोंडी आहेत, पण बदली होऊन भलत्याच खात्यांत गेलेत. भाव कांद्याचा, वेग गाडीचा, रस आंब्याचा. राग तर थेट संतापाकडे गेला. गंमत म्हणजे ग्रीकांच्या घरीही 'ऑर्गाओ'चा नातलग 'ऑर्गे' म्हणजे क्रोधच.

कामसूत्राच्या त्याच प्रकरणात जुन्या आचार्यांचा एक वाद रंगतो. औद्दालकी म्हणतो, स्त्रीला पुरुषासारखा भाव येतच नाही. बाभ्रव्याचे अनुयायी म्हणतात, तिला तो सुरुवातीपासून सतत असतो, पुरुषाला फक्त शेवटी. (वादात एकाही बाईला बोलावलेलं नाही, हे ओघानं आलंच.) वात्स्यायन मात्र निकाल देतो की दोघांची जात एकच, तेव्हा सुखही सारखंच, आणि पुढे पुरुषाला बजावतो, 'तस्मात्तथोपचर्या स्त्री यथाग्रे प्राप्नुयाद्रतिम्'. तिच्याशी असं वाग, की रती तिला आधी मिळेल. यशोधर या पंडितानं कामसूत्रावर सविस्तर टीका, म्हणजे भाष्य, लिहिली आहे. ही ओळ त्या टीकेवाचूनही समजते.