फळीचा वापसा

पंचगंगेचं पाणी राजाराम बंधाऱ्यावर 39 फुटांवर गेलं की इशारा पातळी आणि 43 फुटांवर धोका पातळी, हे कोल्हापुरात शाळकरी पोरही झोपेत सांगेल. आमच्या घरात या जोडीला आणखी दोन पातळ्या आहेत. मिठाच्या बरणीत चमचा रोवला आणि तो उभाच राहिला, की इशारा. गुळाचा डबा उचलल्यावर फळीवर चिकट चंद्रकोर उमटलेली दिसली, की धोका. यंदा तरणा पाऊस, म्हणजे पुनर्वसू नक्षत्राचा, निम्माही झाला नव्हता तोवर दोन्ही पातळ्या ओलांडल्या. म्हातारा, म्हणजे पुष्याचा, अजून यायचाच होता.

आपल्याकडचा पाऊस तसा धो-धो म्हणावा असा नाही. धो-धो पाहायचा तर 55 किलोमीटरवर गगनबावड्याला जावं. आपल्याकडं येतो तो चिवट. आभाळ खाली उतरतं, गच्चीवर बसतं आणि पाहुण्यासारखं आठ-दहा दिवस हलत नाही. दोरीवरचे कपडे तिसऱ्या दिवशीही 'ओले नाहीत, पण वाळलेलेही नाहीत' अशा अवस्थेत असतात. कोपऱ्यातल्या कोल्हापुरी चपलेला हिरवट मिसरूड फुटतं. पापड, पोहे, चिवडा, पोस्टाची पाकिटं, देवापुढच्या काडेपेटीतल्या काड्या, सगळं सादळतं. सादळणं हा शब्द ज्यानं घडवला तो माणूस पावसाळ्यात नक्की तळमजल्यावर राहत असणार.

मीही तळमजल्यावरच राहतो. मंगळवार पेठेतलं आजोबांचं घर, जाड भिंती. तीन वर्षांपूर्वी पुस्तकांसाठी मी पाच फळ्यांचं एक तयार कपाट आणलं. दुकानदारानं 'लाकडीच आहे' म्हणून सांगितलं होतं, आणि भुस्सा लाकडाचाच असतो, त्यामुळं तो खोटंही बोलला नव्हता. पहिल्याच जुलैत खालच्या फळीची कड भिजवलेल्या पोह्यांसारखी फुलली. वरच्या सनमाइकाला फोड आला. मधल्या फळीला पन्नाशीतल्या माणसासारखं पोट सुटलं.

सुतारमामांना बोलावलं. त्यांनी कडेवरून अंगठा फिरवला, नखानं चिमूटभर भुगा काढून माझ्या तळहातावर ठेवला. "साहेब, ह्यो दाबून बसवलेला भुस्सा. एकदा फुगला की फुगला. वाळला तरी परत बसत न्हाई."

मग मला त्यांच्याकडून जी शिकवणी मिळाली ती त्या कपाटाच्या किमतीत बसणारी होती. अस्सल लाकूड पाणी घेतं तसं सोडतंही. ते फुगतं रुंदीत, लांबीत जवळजवळ नाहीच. म्हणून आमचं परसदार आषाढात लाथ मारल्याशिवाय लागत नाही आणि दिवाळीत आपोआप उघडतं. प्लायमध्ये एकावर एक पातळ थर आडवे-उभे चिकटवलेले असतात, एक दुसऱ्याला फुगू देत नाही. त्यातही एम.आर. म्हणजे नुसतं दमट हवेपुरतं, बी.डब्ल्यू.आर. त्याच्या वरचं, आणि आयएस 710 चा शिक्का असलेलं मरीन प्लाय तर उकळत्या पाण्यातल्या चाचणीला उतरलेलं असतं. मी लगेच विचारलं, मग मरीनच घेऊ का? मामांनी भिंतीकडं पाहिलं. "घ्या की. पण आदी हे सांगा, रंग कुठं कुठं मारलासा?"

मी अभिमानानं पुढची बाजू दाखवली. दोन हात.

"दिसतंय तिथं रंग मारलासा. पाणी काय दिसतंय तिथनं येतं व्हय?"

पाणी येत होतं फळीच्या कापलेल्या टोकातून, स्क्रूच्या भोकातून आणि भिंतीला टेकलेल्या उघड्या पाठीतून. म्हणजे ज्या ज्या जागी मी 'इथं कोण बघतंय' म्हणून ब्रश फिरवला नव्हता, नेमक्या तिथून.

त्याआधी मी हातावर हात धरून बसलो होतो असं मात्र नाही. फळ्यांवर प्लॅस्टिकचा कागद अंथरला, तर त्याच्या खालच्या बाजूला घाम सुटला. बुटांच्या खोक्यांतून येणाऱ्या, 'खाऊ नये' असं बजावणाऱ्या सिलिका जेलच्या पुड्या वर्षभर साठवून पुस्तकांमागं ठेवल्या. चार दिवसांत त्यांचं पोट भरलं. मग ओल शोषायचा तो डबा आणला, कॅल्शियम क्लोराइडचा. आठवड्यानं त्याच्या तळाशी वाटीभर पाणी साठलं, ते मी घरभर दाखवत फिरलो. बायको म्हणाली, "अहो, कपाटाला दार नाही, खोलीची खिडकी उघडी. तुम्ही आख्खं कोल्हापूर पिळायला निघालाय." हे डबे बंद कपाटात चांगलं काम करतात. उघड्या कपाटात ते रंकाळ्याचं पाणी चमच्यानं उपसण्यासारखं आहे.

खरी गोम भिंतीत होती. आजोबांच्या वेळी तिला पांढऱ्या मातीचा आणि चुन्याचा गिलावा होता. जमिनीतली ओल भिंतीत चढायची आणि चुन्यातून हवेत निघून जायची. पुढं आम्ही सुधारलो. सिमेंटचा गिलावा केला, चार फुटांपर्यंत ऑइल पेंटचा पट्टा ओढला. ओलीला बाहेर पडायची वाटच राहिली नाही, मग ती पट्ट्याच्या वर चढली आणि तिथं पोपडे धरले. त्या भिंतीला मी कपाट घट्ट चिकटवून ठेवलं होतं. आईच्या भाषेत, "भिंतीच्या खांद्यावर मान टाकून झोपवलंस."

आईला बोलायचा अधिकार आहे, कारण तिचं जाळीचं कपाट त्याच घरात चाळीस वर्षं उभं आहे. सागवानी, तिन्ही बाजूंना जाळी, दूध-दही-लोण्यासाठी. मुंग्या चढू नयेत म्हणून त्याचे चारही पाय दगडी वाट्यांत, आणि वाट्यांत कायम पाणी. म्हणजे मी ओलीशी लढताना घामाघूम होत होतो, आणि शेजारच्या खोलीत एक कपाट चाळीस वर्षं पाण्यात पाय सोडून बसलं होतं. पायांची टोकं काळी पडलीत, तेवढंच. फळ्या सुतासारख्या सरळ. पायाशी पाणी, पण चारी अंगांनी वारा.

एवढं झाल्यावर मला गावाकडचा शब्द आठवला. शेतकरी रानात ओल आहे का एवढंच बघत नाही, वापसा आहे का ते बघतो. मातीच्या कणांमध्ये पाणीही आहे आणि हवाही आहे, ढेकूळ हातात घेतलं तर चिकटत नाही आणि दगडासारखं टणकही नाही, तो वापसा. मी तीन वर्षं फळी कोरडी ठणठणीत करायला बघत होतो. लाकूड तसं कधीच नसतं, आणि फार सुकलं तर तडकतं. त्यातली ओल 20 टक्क्यांच्या वर जाऊन तिथंच ठाण मांडून बसली, की कुजवणारी बुरशी घर करते. आलेली ओल परत जाऊ शकली तर फळीचं काही बिघडत नाही.

मामांनी नवीन कपाट केलं ते बी.डब्ल्यू.आर. प्लायचं. मरीन नकोच म्हणाले, "पैसं वाचतील त्यात भिंतीचं बघा." सगळ्या कडा, भोकं, पाठ, फळ्यांची खालची बाजू, सगळीकडं आधी प्रायमर आणि मग रंग. कपाट भिंतीपासून चार बोटं पुढं, खाली ग्रॅनाइटचे तुकडे, पाठीत वर-खाली बोटभर भोकं. पुस्तकंही आता कोंबून लावत नाही. भिंतीचा ऑइल पेंट खरवडून काढलाय, चुन्याचा हात दिवाळीनंतर. मागच्या चार बोटांत पाल राहायला आली आहे, तिचा खर्च धरलेला नव्हता.

पुरापुढं अर्थात यातलं काही चालत नाही. 2019 च्या ऑगस्टमध्ये नदीनं 55 फूट ओलांडले, तेव्हा शाहूपुरीतल्या मावशीकडचं सगळं प्लाय रस्त्यावर येऊन पडलं होतं. तिनं त्यानंतर कमरेच्या खाली लाकूडच ठेवलं नाही, कडप्पा बसवला. आमच्या गल्लीत पाणी आलं नव्हतं, म्हणून मी या चार बोटांच्या गोष्टी सांगू शकतो.

परवा भोगावतीकाठच्या गावातून चुलतभावाचा फोन आला. सोयाबीनची भांगलण राहिली आहे, बायका सांगून ठेवल्यात, पण रानात पाय ठेवला की घोट्यापर्यंत जातोय. "वापसाच येईना बघ. तुमच्यात काय?"

मी बोलता बोलता हात मागं घालून तिसऱ्या फळीच्या खालून बोट फिरवलं. मग स्वयंपाकघरात जाऊन गुळाचा डबा उचलून बघितला.

"फळीला आलाय," म्हटलं, "गुळाला अजून नाही."