जालना ते नांदेड: जुन्या जीपचे हेडलाइट आणि रात्रीचा रस्ता

गेल्या डिसेंबरात आम्ही १९९६ सालच्या डिझेल जीपने जालन्याहून मंठा, जिंतूर, औंढा नागनाथ, वसमत या मार्गाने नांदेडला गेलो. निघायलाच दुपार टळल्यामुळे जिंतूरच्या अलीकडे दिवस मावळला. हेडलाइट लावले तेव्हा उजवा दिवा बऱ्यापैकी लागला, डावा मात्र समईच्या वातीइतका पिवळा होता, आणि डिपर (जवळचा, खाली पडणारा प्रकाश) लावलेला असतानाही डॅशबोर्डवरचा अप्परचा (लांबच्या, उंच प्रकाशाचा) निळा दिवा मंद जळत होता. दिवस ऊसतोडणीचे होते. वसमतकडे या काळात मागे लाल दिवा नसलेल्या दोन-दोन ट्रॉल्या ओढणारे ट्रॅक्टर रात्रभर चालतात. त्यामुळे तसेच पुढे जाण्याचा धोका न पत्करता आम्ही जिंतुरात थांबलो.

सोबतच्या मामांचा आग्रह नवा बल्ब बसवण्याचा होता. तिथल्या वायरिंगच्या दुकानातल्या तरुणाने डावा इंडिकेटर लावायला सांगितला; त्याच्या प्रत्येक उघडझापीबरोबर हेडलाइटही किंचित लवू लागला. ‘‘मामा, बल्बला काही झालं नाही, अर्थ धरंना,’’ असे तो म्हणाला, आणि त्याचे निदान अचूक होते. अर्थ म्हणजे इथे ‘अर्थिंग’, दिव्यातला करंट गाडीच्या पत्र्यातून बॅटरीकडे परत नेणारी जोडणी. एच-४ बल्बमध्ये डिपर व अप्पर अशी दोन फिलामेंट असतात आणि दोघांचा अर्थ एकच असतो. तो तुटला की डिपरच्या फिलामेंटमधून आलेला करंट अप्परच्या फिलामेंटमधून उलटा अप्परच्या वायरमध्ये शिरतो आणि तिथून दुसऱ्या बाजूच्या दिव्यातून अर्थ गाठतो. म्हणून बिघडलेल्या दिव्याची दोन्ही फिलामेंट मंद लागतात आणि निळा दिवाही उगाच जळतो. ही खूण दिसली तर बल्बवर पैसे घालवू नयेत.

जाळी काढल्यावर मडगार्डच्या आतल्या बाजूचा अर्थचा स्क्रू दिसला. थिंबलवर (वायरच्या टोकाच्या धातूच्या कडीवर) हिरवट थर चढला होता आणि त्याखाली रंगाच्या आड पत्रा गंजला होता. तो पॉलिश पेपरने चकचकीत होईपर्यंत घासला, नवे थिंबल दातेरी वॉशरसह आवळले आणि वरून ग्रीस लावले. एवढ्या कामाने दोन्ही दिवे सारखे झाले व आम्ही रात्री सावकाश नांदेडला पोचलो.

तरीही प्रकाश मनासारखा नव्हता. दुसऱ्या दिवशी नांदेडला मल्टीमीटर घेऊन मी स्वतः बसलो. मोजणी इंजिन चालू ठेवून, दिवे लावून आणि बल्बचा कपलर (वायरी जोडणारा प्लॅस्टिकचा जोड) जागेवर असतानाच करावी. बल्ब काढून मोजले तर जळक्या जोडातूनही पूर्ण व्होल्टेज दिसते आणि माणूस फसतो. बॅटरीवर १३.९ व्होल्ट होते, बल्बच्या पिनेवर केवळ ११.२. गेलेल्या २.७ व्होल्टपैकी १.७ एकट्या हेडलाइटच्या स्विचवर व त्याच्या कपलरवर जात होते. कपलर उघडला तेव्हा एक पिन काळी पडलेली आणि तिच्याभोवतीचे प्लॅस्टिक वितळून तपकिरी झालेले आढळले. व्होल्टेज दहा टक्के घटले की प्रकाश सुमारे तीस टक्के घटतो. आमच्या दिव्यांचा सुमारे एक तृतीयांश उजेड त्या स्विचपाशीच संपत होता.

याचे कारण असे की, ६०/५५ वॅटच्या दोन बल्बांचा नऊ-दहा अँपिअर करंट या गाडीत थेट स्विचमधून जात होता. उपाय दोन रिलेंचा (रिले म्हणजे स्विचच्या थोड्याशा करंटवर मोठा करंट चालू-बंद करणारा छोटा डबा), एक डिपरसाठी व एक अप्परसाठी. बॅटरीपासून २.५ चौरस मिलिमीटरची तांब्याची वायर १५ अँपिअरच्या फ्यूजमधून रिलेच्या ३० क्रमांकाच्या पिनेला द्यावी आणि ८७ वरून बल्बला न्यावी. स्विचकडून येणारी जुनी वायर ८६ ला द्यावी, आणि ८५ ला अर्थ. फ्यूज बॅटरीच्या अगदी जवळ असावा, नाहीतर वायर घासली गेल्यास आग लागू शकते. मात्र काही जुन्या गाड्यांत स्विच अर्थच्या बाजूला असतो, तेव्हा आधी टेस्टलॅम्पने (करंट आहे का ते दाखवणाऱ्या छोट्या दिव्याने) खात्री करावी. तशा गाडीत ही जोडणी जशीच्या तशी चालत नाही. स्विचचा जळका कपलरही त्याच वेळी बदलून घ्यावा. काम झाल्यावर बल्बपाशी १३.५ व्होल्ट आले. दुकानदार १००/९० वॅटचे बल्ब सुचवतील, पण ते जुन्या होल्डरला आणि वायरिंगला सोसत नाहीत, शिवाय समोरच्याचे डोळे दिपतात.

या मार्गाने जुनी गाडी नेणाऱ्यांनी जालन्यातूनच सकाळी निघावे, आणि निघण्याच्या आदल्या संध्याकाळी भिंतीसमोर गाडी उभी करून डिपर, अप्पर, इंडिकेटर एकेक करून पाहावेत. सोबत टेस्टलॅम्प, काही थिंबल, पॉलिश पेपर, दोन मीटर वायर, फ्यूज आणि एक रिले ठेवावा. परतीच्या प्रवासात वसमतच्या अलीकडे अंधार पडला, तेव्हा मागे दिवा नसलेली उसाची ट्रॉली आम्हाला ब्रेक सावकाश लावता येईल इतक्या लांबून दिसली.